ओढ्याच्या चित्रात नसलेला पाइप

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गावच्या ओढ्याच्या, तांब्यावर कोरलेल्या तुझ्या काळ्यापांढऱ्या एचिंगचे दहा छाप कातड्याच्या कारखान्याने घेतले, म्हणून तू हवेत आहेस. मला मात्र पत्र वाचून शिसारी आली.

त्याच कारखान्याच्या पाइपातून घाण ओढ्यात येते. वर तपकिरी फेस, काठाला चिकटलेले केस, फुगलेले मासे. कपडे कितीही धुतले तरी वास जात नाही. अंग खाजवून रक्त काढलेली मुलं दवाखान्यात रोज येतात. मलम लावून लावून आम्हा नर्सांचे हात दुखतात. काल मी मॅनेजरकडे तक्रार घेऊन गेले. त्याने भिंतीवरचं तुझं चित्र दाखवलं. म्हणाला, तुमच्याच भावाने काढलंय, बघा पाणी कसं नितळ! किळस आली, दादा, आणि त्याच्यापेक्षा तुझी जास्त. उन्हाळ्यात तू त्या काठावर नाक दाबूनच बसला होतास ना? मग चित्रातला पाइप गेला कुठे?

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, पण सध्या रागच घे.

तुझी,
ठकू

१४ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पाइप मला दिसला होता. चित्र बिघडत होतं, म्हणून गाळला. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस कामाला हात लावला नाही. शेवटी तुझी वहिनी म्हणाली, तोंड पाडून बसण्यापेक्षा हात चालवा.

तोच तांब्याचा पत्रा काढला. त्यावर मेणाचा थर दिला, सुईने पाइप, फेस, उताणे मासे कोरले आणि पत्रा आम्लात बुडवला; रेघा तांब्यात कायमच्या उतरल्या. आता जुनं चित्र कुणालाच छापता येणार नाही, मलासुद्धा. एक छाप तुला, एक प्रदूषण तपासणी अधिकाऱ्याला पाठवलाय.

रागव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा,
दादा

२ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अधिकारी तुझा छाप घेऊनच कारखान्यात आला. दवाखान्यातून मलाही बोलावलं होतं. मॅनेजर म्हणाला, ही कलावंताची कल्पना आहे. मी विचारलं, मग तुमच्या भिंतीवरचं चित्र काय आहे? अधिकारी हसला नाही. ओढ्यावर चला, एवढंच म्हणाला. तिथे मॅनेजर गाडीतून उतरेचना, काचही खाली करेना. अधिकाऱ्याने पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि चौथ्या दिवशी पाइपला सील लागलं.

घाण मात्र जागच्या जागी आहे. रविवारी आम्ही काठ उपसणार आहोत. तू ये. कागद-पेन्सिल घरी ठेव, गमबूट आण.

वाट बघते.

तुझी,
ठकू