उंबऱ्यावरचा अक्रोड

प्रिय लछिमा,

फोनवर तू रडायला लागतेस आणि मग मला रागावता येत नाही, म्हणून हे कागदावर. आज मला मनसोक्त रागवायचंय. सॅफ फुटबॉलची फायनल आपण पुन्हा हरलो, तीही घरच्या दशरथ रंगशाळेच्या मैदानावर, हे तुला सिडनीत कळलंच असेल.

फायनल नेमकी भाईटीकेच्या दुसऱ्या दिवशी आली. सणाला घरी कोण जाणार? नेहमीसारखं आपल्या टीमच्या बसच्या ड्रायव्हरलाच, हर्कमान दाईला, सगळ्यांचा थोरला भाऊ करून ओळीनं कपाळाला टीका लावला. मग भावाच्या आयुष्यासाठी शिबिराच्या उंबऱ्यावर अक्रोड फोडायचा. तू एका घावात त्याचा चुरा करायचीस. या वेळी तुझ्या जागी खेळणाऱ्या सम्झनाच्या दगडाखालून तो निसटला आणि थेट गटारात गेला. दाई म्हणाला, "घ्या, गेलं माझं आयुष्य वाहून." सगळ्या हसल्या. मग तोच हळूच म्हणाला, "लछिमा असती तर फुटला असता." मला त्याचा राग आला आणि तुझा त्याहून जास्त.

फायनलच्या शेवटच्या कॉर्नरला चेंडू बरोबर तुझ्या कपाळाच्या उंचीवर आला. सम्झनानं डोळे मिटले. लहान आहे अजून, तिला काय बोलणार? गॅलरीतून पोरं ओरडत होती, "नऊ नंबर परदेशात विकला काय?" नंतर मंत्रीसाहेब हार घालताना म्हणाले, उपविजेतेपद काय कमी आहे! कमी आहे, लछिमा. दर वेळी तोच हार, तेच वाक्य, आणि आम्ही माना डोलावून फोटोला उभ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस खात्याच्या गणवेशात मी चौकात ड्युटीवर हजर. सिग्नल तोडणाऱ्या एका पोराला शिटी मारून थांबवलं. त्यानं हेल्मेट काढलं, मला ओळखलं. "दिदी, मला बरं अडवलंत. काल ते दोन गोल का नाही अडवलेत?" मागचे रिक्षावाले खदाखदा हसले. मी पावती फाडली नाही, जा म्हटलं. पोरगं खोटं थोडंच बोलत होतं? पण दिवसभर शिटी तोंडात धरवत नव्हती.

तू गेलीस तेव्हा पळपुटी म्हणाले होते मी तुला, सगळ्यांसमोर. तो शब्द मी मागे घेत नाही. फक्त आता राजीनाम्याचा अर्ज माझ्याही खिशात आहे, दशैंच्या सणाच्या आधीपासून. बसमध्ये तुझ्या वाटणीचा एक अक्रोड उरला होता, तो मी ठेवलाय. पुढच्या सॅफला येणार असशील तर अर्ज फाडते आणि अक्रोड उंबऱ्यावर ठेवते. येणार नसशील तर तुझ्या त्या हॉटेलात भांडी घासायला आणखी कुणी लागतं का, ते विचार. दोन्हीपैकी काय ते कळव. तुझ्याशिवाय हरायचा मला कंटाळा आलाय.

तुझ्यावर अजून रागावलेली, तरी तुझीच,
दिलमाया दिदी