घासलेली तार

सर, तुमाला जाऊन लय वर्षं झाली, तवा आता खरं सांगायला हरकत न्हाई. परभणीच्या कॉलेजात तुमच्या लॅबमधी मी फरशी अन् काचेची भांडी करायची, तेबी रोजंदारीवर. एक तक्रार गेली की कायमचं घरी, एवढं मला पक्कं ठावं होतं. तुमी रक्तातली चरबी मोजायचं यंत्र करत होतात. पेन्सिलीएवढी नळी, टोकाला तार, तारेवर एन्झाइमचा पिवळट पापुद्रा. दुधाला विरजण तसं हे, तुमी सांगायचे. रक्ताचा थेंब पडला की हे चरबीला लागतं, त्यातनं इवलीशी वीज निघते अन् काटा हलतो. मी म्हणायची, चरबी बघायला वीज कशाला, पोट दिसत न्हाई का.

नामांतराच्या बंदात एस्टी अडकल्या, म्हणून पुण्याचे साहेब रेल्वेनं येणार होते. त्यांनी यंत्र बघायचं, मग पुढचं काम मंजूर. मी बघितलं, पावणे येतेत अन् तारेला हा मळ. चिंच लावली, राख लावली, चांदीसारखी लख्ख काढली. साहेब आले, अंगानं चांगले भरलेले. हौसेनं बोट पुढं केलं. थेंब पडला, काटा जागचा हलंना. साहेब खूश. "म्हणजे माझ्यात चरबी नाहीच की," म्हणून त्यांनी पावण्यांसाठी आणलेली जिलबी अजून घेतली. तुमी गप बसला असता तर भागलं असतं. पण न्हाई, तुमी म्हणालात, यंत्रच बंद पडलंय. कशानं, साहेबांनी विचारलं. तुमी तारेकडं बघितलं, मग माझ्या बोटांकडं. नखांत राख होती. मी हात पदराखाली घेतले.

"काल दिवसभर लाइट नव्हती," तुमी म्हणालात. "फ्रीज बंद. एन्झाइम मेलं."

काल लाइट गेलीच नव्हती, सर.

साहेबांनी दोन महिन्यांची मुदत दिली. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या खोक्यावर तुमची चिठ्ठी चिकटलेली. मी विचारलं, काय लिवलंय. तुमी चष्मा पुसत म्हणालात, "मावशी, लाइट गेली की बर्फ आणावा, असं लिहिलंय." झालं. तवापासून लाइट गेली की मी भर उन्हात भुशातली बर्फाची लादी डोक्यावर घेऊन यायची, पाणी गळ्यातनं पाठीत, अन् तुमी पोरांना दाखवायचे, बघा मावशींना किती काळजी. दोन महिन्यांनी काटा हलला, चांगला हलला. साहेबांची जिलबी सुटली म्हणं.

आता ऐका. मस्टरवर मी अंगठा लावायची कारण सहीला वेळ जातो, मागं रांग खोळंबते. तेवढ्यावरनं तुमी मला अडाणी धरलं. चौथी पास हाय मी. चिठ्ठी आधी वाचली, मग विचारलं. म्हणलं, सर तोंडावर बोलतील अन् एकदाचं मिटंल. चिठ्ठीत होतं, "तार कोणी घासू नये. मावशींना काही बोलू नये."

चिठ्ठी पुढं दिसंना, तवा तुमाला वाटलं वाऱ्यानं गेली; ती मीच सोडवून घेतली. ट्रंकेत हाय, हे पत्र तिच्याच घडीत ठेवते. खाली अंगठा लावत न्हाई, सर, सही करायलेय. लागू द्या वेळ.