साहेबांचे दार अडवले

कामठा, ता. ८ जानेवारी १९३४

ती. केशोरावमामांचे सेवेशी, भाची सुशिलाचे शि. सा. न. वि. वि.

महिनाअखेर शाळाखात्याचे डिप्टी साहेब माझा मुलींचा वर्ग तपासायला येणार आहेत. गेल्या वर्षी आले तेव्हा अकराही मुली माना खाली घालून उभ्या राहिल्या. परक्या वडीलधाऱ्या पुरुषापुढे तोंड उघडायचे नाही, ही घरची शिकवण. साहेबांनी शेरा लिहिला की मुलींना काहीच येत नाही. यंदाही तसेच झाले तर वर्ग बंद होणार, असे लेखी आले आहे.

तिसरीतली रुख्मा माझ्याआधी गणित सोडवते. तिचा बाप दुलीचंद मला विचारतो की बाई, पोरगी घरी दिवसभर बोलून राहते, मंग सायबापुढंच काऊन मुकी होते? तिला रोज उभी करून बोलायला लावते, तर ती रडून राहते. काय करू ते लवकर कळवावे. मामींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

आपली, सुशिला


भंडारा, ता. १२ जानेवारी १९३४

चि. सुशिलास केशोरावमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावले. त्यात 'रडते आहे'च्या जागी तिकडच्या बोलीतले 'रडून राहते' वाचले आणि कामठ्याने बाईंना पास केल्याची खात्री पटली. आता बाई कामठ्याला कधी पास करतात ते पाहू.

साहेबांनी गेल्या वर्षी मुलींची मर्यादा तपासली आणि तीत अकराही पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. तेवढे शेऱ्यात लिहायचे राहिले. रुख्माला उभी करून रडवणे आधी थांबव.

वैशाखात एका लग्नाला सौंदडला गेलो होतो, तिथे एवढ्याच पोरींनी दार अडवून मिशाळ वऱ्हाड्यांना कोडी घातली. सुटेनात, तर इतक्या लांब आले कायले म्हणून तोंडावर विचारले. तिथे कोणी माना खाली घातल्या नाहीत, कारण दारात विचारण्याचा मान पोरींचा. मग साहेबांनाच वऱ्हाडी कर. प्रत्येकीने घरच्या कामावरचे एक गणित स्वतः रचावे, रीत पाटीवर मांडून पाटी पालथी धरावी आणि दार अडवावे. आमच्या पाठशाळेत पाठ केलेली उत्तरे पोपटही देतील, पण पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याला अडवणारा प्रश्न, उभा करायचा तर विषय पोटात उतरलेला लागतो. प्रश्न ऐकले की साहेबांना कळेल, कोणाला किती येते.

ते रागावलेच तर माझे नाव सांग. मी भंडाऱ्यात आहे, सुरक्षित अंतरावर.

तुझा, मामा


कामठा, ता. ३१ जानेवारी १९३४

ती. मामांचे सेवेशी शि. सा. न. वि. वि.

काल साहेब आले. दारात अकरा मुली, हातात पालथ्या पाट्या. साहेब थबकले आणि हे काय चालले आहे म्हणून मला विचारू लागले. तेवढ्यात रुख्माच म्हणाली की साहेब, सहा बाया धानाची एक बांधी चार दिवसांत रोवतात, तर आठ बायांना किती दिवस?

साहेबांनी घाईत तोंडी त्रैराशिक मांडले आणि पाच दिवसांवर एक तृतीयांश, असे उत्तर दिले. मुली अशा हसल्या की दुलीचंद कुंपणापाशी धावत आला. रुख्माने पाटी उलटली आणि लहान भावाला समजावावे तसे साहेबांना समजावले की बाया वाढल्या तं दिवस घटतात, वाढतील काऊन? सहा चोक चोवीस, चोविसाला आठाने भागा, तीन. साहेब लाल झाले, मग स्वतःच हसले. बाकीच्या दहा जणींनीही त्यांना दारातच तासभर उभे ठेवले. तिघींची गणिते चुकली, पण चूक कुठे आहे ते साहेबांनी विचारताच दोघींनी स्वतः शोधून दिली.

आत आल्यावर मात्र खेळ संपला. साहेबांनी रुख्माला नाव विचारले, तर मान पुन्हा खाली. साहेबांनी नाव लिहायला टाक उचलला, तेव्हा तिने मुकाट्याने त्यांच्या हातातला टाक घेतला आणि शेऱ्याच्या वहीत लिहिले : रुख्मा दुलीचंद, इयत्ता तिसरी. त्याखाली साहेबांनी लिहिले की वर्ग चालू ठेवावा, आणि सही केली.

आपली, सुशिला


भंडारा, ता. ४ फेब्रुवारी १९३४

चि. सुशिलास अनेक आशीर्वाद.

साहेबांना फार हसू नका. कचेरीत माणसे वाढली की दिवस वाढतात, हे त्यांनी अनुभवाने सांगितले.

तुझे पत्र तुझ्या मामीला दोनदा वाचून दाखवले. वीस वर्षे परीक्षा घेतो आहे, पण विद्यार्थ्याचे नाव वर आणि परीक्षकाची सही त्याखाली, असा कागद माझ्या पाहण्यात नाही. ती वही जपून ठेव. मी शनिवारी येतो आहे, फक्त ते पान पाहायला.

तुझा, मामा