वाळलेल्या कढीपत्त्याची कुंडी

८ सप्टेंबर

सरडा घरात आणला. करायला नको होतं बहुतेक.

फाटकाजवळच्या कण्हेरीवर बसला होता. गणपतीच्या मांडवातली पोरं काठ्या घेऊन उभी — मारलाच असता. मी झाडू पुढे केला. तो सावकाश त्यावर चढला, इतका सावकाश की माझा हात भरून आला. रंग बदलणाऱ्यातला आहे. हिरवा, डोळे दोन दिशांना. खालच्या मजल्यावरच्या भामाबाई म्हणाल्या, "आगं पोरी, फेक त्याला. नुसतं बघून रगत ओढतंय ते." मी म्हटलं, "बरंच झालं, बाबांचं रक्त काढायला लॅबवाल्याला बोलवायला नको." त्या हसल्या नाहीत.

गॅलरीला कबुतरांसाठी जाळी आहेच. तिथंच सोडला. उन्हाळ्यात वाळलेल्या कढीपत्त्याच्या काडीवर जाऊन बसला. बाबांनी डाव्या हातानं खुर्ची ओढून घेतली आणि त्याच्यासमोर बसले. मार्चमध्ये झटका आला, उजवा हात गेला, बोलणं जवळजवळ गेलं — तेव्हापासून स्वतःहून काही ओढून घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं.

११ सप्टेंबर

वाटीतलं पाणी पीत नाही. तहानेनं मरेल या भीतीनं ऑफिसात लक्ष नव्हतं. घरी आले तर बाबांनी इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचा फवारा घेऊन मनीप्लँटवर पाणी मारलं होतं, आणि हे महाशय पानावरचे थेंब चाटत होते. बाबांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. अगदी पूर्वीसारखी — मी गणित चुकले की उडवायचे तशी.

चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे बाबाच. सारखी आजारी पडायचे म्हणून घरीच शिकवलं. त्यांचा एकच नियम होता. रोज एका गोष्टीकडे बघायचं आणि पाटीच्या एका बाजूला 'दिसलं ते' लिहायचं, दुसऱ्या बाजूला 'वाटलं ते'. दोन्ही मिसळलं की पाटी पुसायची. मी फार रडायचे. जे वाटतं तेच दिसतं, हे त्यांना का कळत नाही असं वाटायचं.

२० सप्टेंबर

नाकतोडे आणायचं काम माझं. कॉलनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर ओढणी घेऊन पळते. लोक बघतात. बाबा चिमट्यात नाकतोडा धरतात, जीभ सटकन येते, ते दचकतात आणि हसतात. दर वेळी दचकतात.

चांगला जाड झालाय. पोट गच्च. हैदराबादहून दादाचा फोन होता. त्याला सांगितलं. "बाबांपेक्षा सरड्याचं जास्त सांगतेस," म्हणाला. ते लागलं.

५ ऑक्टोबर

दोन दिवस खात नाही. सारखा खाली उतरतो, फरशीवर कोपऱ्याकोपऱ्यात फिरतो. पळून जायचं असणार त्याला. मी उचलून फांदीवर ठेवते, तो परत खाली. मी परत वर. आपण कैदेत ठेवलंय याला. मोबाइलवर वाचलं — पाळणं गुन्हा आहे. बाबांना सांगितलं तर मान फिरवली.

६ ऑक्टोबर

आज फार बोलले मी त्यांना.

ऑफिसातून आले तर गॅलरीभर माती. बाबा खाली फरशीवर बसलेले! झटक्यानंतर त्यांनी खाली बसायचं नाही, उठता येत नाही. डाव्या हातानं माती गोळा करून कढीपत्त्याच्या कुंडीत टाकत होते. नखं काळी. "माती," म्हणाले. "माती… आत." डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या, मला वाटलं लाज वाटली असेल. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही लहान आहात का?" हे वाक्य मी म्हटलं. त्यांचे हात साबणानं धुतले. ते हात सोडवून परत कुंडीकडे बोट दाखवत होते. गॅलरीचं दार लावून घेतलं.

९ ऑक्टोबर

सरडा रोडावला. कातडी लोंबतेय, बरगड्या मोजता येतील. तीन दिवसांत इतका! माझंच चुकलं. उपाशी मारतेय मी त्याला.

१३ ऑक्टोबर

सर्पमित्र प्रेम येऊन सरडा घेऊन गेला. तो साप पकडतो, आमच्या कॉलनीतलाच. वनखात्याला त्यानंच फोन केला होता. सरडा हातावर घेऊन म्हणाला, "लई बारीक झालाय, ताई. काय खाऊ घातलं?" नाकतोडेच, म्हटलं. "घाबरू नका, मुदखेडच्या बाजूला झाडी हाय, तिथं सोडतो. आपलं आपण खाईल."

बाबा झोपले असताना दिला. मुद्दाम. उठल्यावर त्यांनी गॅलरी पाहिली, मग मला पाहिलं. दुसऱ्याचं घरात ठेवायचं नाही हे त्यांनीच शिकवलंय मला. पण विचारायला हवं होतं. बोलता येत नाही म्हणून विचारलंच नाही.

१५ ऑक्टोबर

जेवले नाहीत.

२६ ऑक्टोबर

एक नवीन सुरू झालंय. रोज सकाळी फवारा घेऊन बाबा त्या मेलेल्या कढीपत्त्याला पाणी मारतात. काडी आहे नुसती, मोडली तर कट् वाजेल. दिवाळीच्या सफाईत कुंडी काढायला गेले तर हात धरला माझा. इतका जोर त्यांच्या हातात आहे हे माहीत नव्हतं. भामाबाई फराळाचं पीठ मागायला आल्या होत्या, दारातून बघत राहिल्या. हळूच म्हणाल्या, "डोस्क्यावर परिणाम झालाय गं. माझ्या सासऱ्याचं असंच झालतं."

मी रागावले त्यांच्यावर. मनात मात्र तेच घोळत राहिलं.

१८ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे नेलं. सोबत दादा आला होता. डॉक्टर म्हणाले, वागण्यात काही बदल? मी सगळं सांगितलं. प्रामाणिकपणे. माती खेळतात, मेलेल्या झाडाला रोज पाणी घालतात, हात लावू देत नाहीत. बाबा माझ्या शेजारीच बसले होते. मी बोलत होते तेवढा वेळ माझ्याकडे बघत होते, दोन्ही भुवया खाली.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "तू दिवसभर ऑफिसात. उद्या गॅस चालू ठेवला तर? लातूरला अशा पेशंटसाठी चांगलं केंद्र आहे. सौदामिनीआत्या तिथंच आहे, येऊन-जाऊन राहील." मी नाही म्हणाले नाही.

४ डिसेंबर

बाबांना लातूरला सोडून आले. निघताना बॅग मी भरली. त्यांनी त्यात फवारा ठेवला. मी तो काढून ओट्यावर ठेवला — तिथं काय करणार म्हणून. मग बाबांनी तो उचलला आणि माझ्या हातात दिला. बोटं माझ्या बोटांवर दाबली. मला वाटलं, निरोप घेताहेत.

१३ डिसेंबर

घर फार स्वच्छ राहतं आता. फवारा कपाटात ठेवला.

५ जानेवारी

लातूर. बाबा वाळलेत. मला पाहून उठायला गेले. "पाणी," म्हणाले. मी ग्लास दिला, त्यांनी बाजूला सारला. "पाणी. पाणी घात—" पुढचं जमेना. तिथल्या बाई म्हणाल्या, "दिवसभर असंच चालतंय बघा. पाणी पाणी करतेत, अन् दिलं की ढकलतेत." आत्या बाबांकडे बघून डोळे पुसत म्हणाली, "आमच्या रेणुकादासनं गावाला शिकवलं गं. काय हे." मी त्यांचे केस विंचरले. ते भिंतीकडे तोंड करून बसले.

बसमध्ये मनाला समजावत आले, की मी योग्य तेच केलं. देवाशपथ, तसंच वाटलं होतं.

१९ जानेवारी

भामाबाईंना कोरफडीसाठी कुंडी हवी होती. आज कढीपत्त्याची काडी उपटली, माती वर्तमानपत्रावर ओतली.

आत अंडी होती. पांढरी, चिंचोक्याएवढी. एकाखाली एक, तळापर्यंत. वरची चुरमडलेली. खालची काही अजून टपोरी, ओलसर.

तो नव्हता. ती होती.

पोट गच्च. खाली उतरणं. गॅलरीभर माती. मग एकदम रोडावणं. हे सगळं मला दिसलं होतं, तारखेसकट. बाबांना वेगळं काहीच दिसलं नव्हतं.

अंडी होती तशी, त्याच क्रमानं ठेवून माती परत भरली, काडीही खोचली. घाईत दोन फुटली.

२० जानेवारी

लातूरच्या पहिल्या बसमध्ये. बाबांना घरी आणायला. दादाला अजून सांगितलेलं नाही.

निघताना भामाबाईंकडे किल्ली आणि फवारा दिला. म्हटलं, मी येईपर्यंत त्या कुंडीला पाणी मारा. "मेलेल्या झाडाला?" म्हणाल्या.

हो म्हटलं.