जुन्या पेपरांची पेटी

प्रिय ओन्नी,

फोनच करणार होते. पण फोनवर तू "हं", "बरं", "बघू" एवढ्यावर माझी बोळवण करतोस, मग मी चिडते आणि मग तू गपचूप फोन बाबांच्या हातात देतोस. बाबा बिचारे रस्त्यावरचा बर्फ किती फूट साचलाय ते सांगत बसतात. म्हणून म्हटलं, सरळ पत्रच लिहावं. पत्राला तू कितीही "हं" म्हणालास तरी ते बोलायचं थांबत नाही.

काल दुपारी आईचा फोन आला, शाळेच्या स्वयंपाकघरातून. मागे ट्रे धुण्याचा असा खणखणाट की मला अर्धं ऐकूच येईना. "अगं, ओन्नी ऑर्गॅनिक केमिस्ट्री सोडतोय म्हणे. शुक्रवारी पाचपर्यंत फॉर्म द्यायचा असतो, त्याने भरूनसुद्धा ठेवलाय. शंभरात सत्तेचाळीस पडले गं त्याला!" कुणाच्या घरी मयत झालीय असा आवाज. मी विचारलं, वर्गाची सरासरी किती? "ते काय असतं?" तिचाही काही दोष नाही, तिला सत्तेचाळीस म्हणजे नापास एवढंच कळतं. सरासरी बावन्न आहे हे मी तुझ्या मित्राला मेसेज करून काढून घेतलं. राग मानू नकोस. ऑर्गॅनिक सोडलं म्हणजे मेडिकलचा अर्जही गेला, हे तू आईला सांगितलेलं नाहीस. मीही नाही सांगितलं.

नाताळात तू मला विचारलं होतंस, "ताई, खरं सांग, हे सगळं तिकडे लागतं का?" मी मोठ्या रुबाबात "पाया असतो रे तो" असं काहीतरी ठोकून दिलं आणि वेलचीच्या पावाचा आणखी एक तुकडा घेतला. खरं उत्तर आज देते. मेडिकलला आल्यापासून इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतो ते दाखवणारा तो वाकडा बाण मी एकदाही काढलेला नाही. कुणी काढायला सांगितलंही नाही. ज्या विषयापायी तुझ्या वर्गातली निम्मी पोरं डॉक्टर व्हायचा नाद सोडून मार्केटिंगला जातात, त्याचं इथे कुणी नावही काढत नाही. इथलं दुखणं वेगळं आहे. एकेक गोष्ट घेतलीस तर पोरखेळ: या नसेचं नाव हे, ती इथून निघते, तिथे जाते. पण अशा चारशे गोष्टी सोमवारी देतात आणि मंगळवारी नव्या चारशे. तुमचं टर्मभराचं पुस्तक इथे आठ दिवसांत संपवतात. ऑर्गॅनिक ही खोल विहीर होती. हा गुडघाभर पाण्याचा तलाव आहे, पण चालून चालून पाय मोडले तरी पलीकडचा काठ दिसत नाही. जेवताना पाठांतराची कार्डं, दात घासताना कार्डं. परवा दुकानात पैसे देताना काउंटरवरच्या बाईने "कशी आहेस?" म्हणून विचारलं, तर तिच्या मानेवरची शीर बघून मी मनातल्या मनात त्या शिरेच्या फांद्यांची नावं म्हणत उभी!

आता नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं. तू विसरला नसशील, मीही विसरलेले नाही. टर्की ओव्हनमध्ये होती आणि तू स्वयंपाकघरातलं टेबल अडवून बसला होतास, त्या प्लास्टिकच्या गोळ्या-काड्यांचे रेणू जोडत. बाबांनी एक काळा गोळा उचलून "ही खेळणी कॉलेजात देतात का रे?" असं विचारलं आणि आई ओरडली, "आधी बटाटे सोलायला जागा द्या मला!" तू एकाच गणितावर दोन तास होतास. मी डोकावले. गणित बघताक्षणी मला उत्तर आलं आणि मी ते सांगूनही टाकलं. तू वर न बघताच म्हणालास, "उत्तर माहितेय गं, मागे दिलंय. पण बाण इकडूनच का? तिकडून का नाही?" मी म्हटलं, असंच असतं. तू म्हणालास, "असंच म्हणजे कसं?" तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी फटकन बोलले, "डोकं नको खाऊस! एवढ्याशा गोष्टीला दोन तास लागत असतील तर मेडिकल विसर तू!" तू गोळे एकेक करून डब्यात भरलेस आणि बटाटे सोलायला घेतलेस.

ओन्नी, त्या "का"चं उत्तर मला येत नव्हतं. कधीच आलं नव्हतं.

माझ्या ऑर्गॅनिकच्या 'ए' ग्रेडची गोष्ट आपल्या गावात सगळ्यांना पाठ आहे, पण खरी गोष्ट कुणालाच ठाऊक नाही. माझी रूममेट ब्रिजेट आठवते? ती त्या मुलींच्या क्लबात होती, टेकडीवर पांढरं मोठं घर असलेल्या. त्या घराच्या तळघरात एक पत्र्याची पेटी होती. आधीच्या मुलींनी मागे ठेवलेले सगळ्या विषयांचे जुने पेपर, वर्षवार लावलेले, उत्तरांसकट. आता तुला शिकवतात त्याच प्रोफेसर ट्रेम्बले यांचे एकोणीस वर्षांचे पेपर त्यात होते. म्हातारा दरवर्षी तेच प्रश्न फिरवून द्यायचा. कधी क्लोरीनच्या जागी ब्रोमीन, कधी रेणू नुसता उलटा धरलेला. मी क्लबात नव्हते, पण ब्रिजेटने मला आत घेतलं आणि दोन टर्म मी त्या तळघरात बसून एकोणीस वर्षांची उत्तरं घोकली. निव्वळ पोपटपंची! चोरी नव्हती म्हणे. सगळेच करतात म्हणे. म्हणजे ज्यांना ती पेटी उघडून देणारं कुणी असतं ते सगळे. थँक्सगिव्हिंगला तुझ्या वहीत जे गणित होतं, ते त्या पेटीत चार वेळा होतं. मी ओळखलं ते चेहऱ्यावरून, आतलं काही ठाऊक नसताना.

तुझ्याकडे पेटी नाही. तू म्हाताऱ्याच्या खोलीबाहेर दर बुधवारी रांगेत उभा राहतोस हे मला माहीत आहे. जे सत्तेचाळीस आहेत ते तुझे आहेत. माझ्या त्र्याण्णवातले माझे किती होते देव जाणे.

आणि ऐक, मी मेडिकलला आले तेव्हा पहिल्या आठवड्यात काय केलं असेल? वरच्या वर्गातल्या मुलांना हळूच विचारत फिरले, "जुन्या पेपरांची पेटी कुठे असते?" ती मुलं हसली. इथे प्रश्न दरवेळी नवे असतात आणि परीक्षा झाली की कागद परत घेतात. मग मी दुसरी शक्कल काढली. काय विचारतील याचा अंदाज बांधायचा, तेवढंच घोकायचं, बाकीचं सोडून द्यायचं. अंदाज चुकला. दुसऱ्यांदा बांधला, पुन्हा चुकला. जानेवारीत आम्हाला दवाखान्यात नेलं. पोटात दुखणाऱ्या एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरसमोर उभं करून तिथल्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "काय वाटतं?" मी आजाराचं नाव सांगितलं, आणि नशिबाने बरोबर निघालं. "का?" त्या म्हणाल्या. मी आजाराचं नावच पुन्हा सांगितलं. "दुसरं काही असू शकेल का? का नाही?" त्या रागावल्या नाहीत, नुसत्या थांबल्या, तो ड्रायव्हरही माझ्याकडे बघत थांबला, आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तू असतास तर "माहीत नाही, पण शोधतो" म्हणाला असतास आणि तिथेच खुर्ची ओढून बसला असतास. न कळणाऱ्या गोष्टीपाशी घाबरून न जाता बसता येणं, तेवढंच त्या विषयातून इथे आणता येतं. मी तेवढं सोडून बाकी सगळं आणलं. फार रडले त्या दिवशी.

तू डॉक्टर होशीलच, असं मी म्हणत नाही. मला कुठे भविष्य कळतं? तुला खरंच नको असेल, तर खुशाल सही कर आणि दे तो फॉर्म. रोज चारशे गोष्टी पाठ करत सगळ्यांनीच जगावं असं काही नाही. पण तुला हवंय. तू सुट्टीत काम करतोस त्या बर्नीच्या गॅरेजमध्ये कुणाचं बोट कापलं की आधी तू धावतोस, आणि टाके घालून झाल्यावर दवाखान्यातून सगळ्यात शेवटी तूच घरी येतोस.

हे सगळं पत्रात का, ते सांगते. फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "तो म्हणतो, ताईसारखं डोकं नाही माझं. घरात एक डॉक्टर बास झाला." ओन्नी, घरात एकही डॉक्टर नाही. मी तीन परीक्षा नापास झालेय. मागच्या महिन्यात इथल्या समितीने मला बोलावलं आणि सांगितलं, ऑगस्टपासून पुन्हा पहिलं वर्ष, पहिल्या दिवसापासून. पांढऱ्या कोटातला माझा फोटो आईने शाळेच्या जेवणाच्या खिडकीवर चिकटवलाय आणि पोरांना वाढताना दाखवते, हे मला माहीत आहे, म्हणून कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. तुला पहिल्यांदा सांगतेय. जिच्याशी तू स्वतःला मोजलंस ती ताई कधी नव्हतीच. ती मी तुम्हा सगळ्यांना बनवून दाखवली होती. माझं चुकलं रे, फार चुकलं. शुक्रवारी काय करायचं ते तू ठरव, पण माझ्याकडे बघून ठरवू नकोस. शनिवारच्या बसने मी येतेय. रविवारी चर्चहून आल्यावर, कॉफी ओतली की आईला सांगणार आहे. तेव्हा बाबांसारखा बर्फ उपसायला बाहेर पळू नकोस. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस, एवढंच कर. मला भीती वाटतेय.

तुझीच,
काइसाताई