पंचायतीच्या पायऱ्या

गुंडेराव काका, जयभीम.

"पायऱ्या हायत तर काय झालं, उचलायला आमी हाव की!" सीमेवरच्या लढाईत पाय गमावून नागेशदादा परतला, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात. ऐकून मला रडू आलं होतं.

आता तुम्ही पंचायतीचे सरपंच. पंधरा ऑगस्टला त्याला चाकाच्या खुर्चीसकट उचलून वर नेता, शाल घालता, फोटो काढता. परवा ग्रामसभेला मात्र उचलायला कुणीच आलं नाही. तो खालून ओरडला, "काका, इथं उतार बांधा म्हणून बोलायचंय मला!"

वरून तुम्ही म्हणालात, "कामून तरास घ्यायलास? बस तिथंच, चहा पाठवतो."

शेजारी कुबड्यांवर अनसाबाई उभ्या होत्या. त्या हसल्या, "मला तर चहाबी न्हाई. मी कुठं लढाईला गेलते!"

दादा म्हणतो, पत्र टाकू नको, काकाला वाईट वाटंल. वाटू दे.

यंदा पंधरा ऑगस्टला मी त्याला उचलू देणार नाही. उतार होईपर्यंत ग्रामसभा खाली लिंबाच्या सावलीत भरवा, आणि तुमची खुर्ची तुम्ही स्वतः उचलून खाली आणा. तुम्ही नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. तरी आणा.

तुमची पुतणी,
ज्योत्स्ना