मधमाशी विहिरीवर पहारा

१ जून, सोमवार
समुद्रात तेलविहीर खणणारी रिग आज जागेवर पोचली. किनाऱ्यापासून साठ मैल, नैऋत्येला. कंपनीचं नाव गोबनेट पेट्रोलियम, विहिरीचं मधमाशी. संत गोबनेट मधमाश्यांची कैवारी आणि आमच्याच कॉर्क परगण्याची, म्हणून.

कंपनी लहान आहे. डब्लिनला औषधाच्या दुकानावर दोन खोल्या. रिग नॉर्वेहून भाड्यानं आणलेली. पण समुद्रतळाचा नकाशा स्वतःचा आहे आणि त्यावर लाल डाग आहे, म्हणजे तेल. मी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. डाग कळतात.

नव्या चुलीचे पैसे त्यात गुंतवले. बायकोला, ब्रीदाला, वाटतं ते पतपेढीत आहेत. जुन्या चुलीचं दार तारेनं बांधलंय, पाव एका बाजूनं करपतो. नाताळपर्यंत तिला दोन चुली घेता येतील. शेअर तिच्याच नावावर घेतलेत. तिच्या हाताला यश आहे. चर्चच्या सोडतीत तीनदा हॅम लागलंय. कागदांवर सही तिनं कणीक मळता मळता केली. वाचलं नाही.

माझे बोटीच्या इंजिनाचे पैसे पोस्टात वेगळे. बोट अंगणात पालथी आहे, डांबराचे थर चढवून ठेवलेली. इंजिन आलं की पाण्यात. त्या पैशांना हात लावायचा नाही. संकल्प.

६ जून, शनिवार
इंटरनेटवरच्या फोरमवर माझं नाव ‘होकायंत्र’. सगळे भागधारक तिथंच भांडतात. ‘कोरडी विहीर’ नावाचा एक इसम आहे. लिहितो, याच खडकात सत्तरच्या दशकात कुणीतरी भोक पाडलं होतं, पाणी लागलं. मी लिहिलं, पाणी लागलं म्हणजे काहीतरी लागलं. त्यावर त्यानं फक्त बादलीचं चित्र टाकलं.

शिवाय म्हणतो, मुख्य संचालकानं गेल्या महिन्यात स्वतःचे शेअर विकले. मी समजावून सांगितलं की त्याचा घटस्फोट होतोय. या वयात घटस्फोट घेणारा माणूस आशावादी असतो.

१२ जून, शुक्रवार
जहाजांचा नकाशा बघायला शिकलो. प्रत्येक जहाज पडद्यावर बाणासारखं दिसतं, शेजारी वेग. रिगला सामान पुरवणारी बोट आज दुपारी दुप्पट वेगानं बंदरात परतली. जोरात कोण परततं? ज्याच्यापाशी बातमी आहे तो. बोटीत खडकाचे नमुने असणार. फोरमवर तसं लिहिलं. लिमरिकचा एक गृहस्थ आहे, ‘काळं सोनं’. त्यानं ताबडतोब आणखी शेअर घेतले आणि माझे आभार मानले.

कोरडी विहीर म्हणाला, आज शुक्रवार आहे.

एवढंच. मुद्द्याला धरून बोलणं या माणसाला जमत नाही.

१६ जून, मंगळवार
कंपनी गप्प. वाईट बातमी असती तर सांगून मोकळे झाले असते. चांगली बातमी असली की माणूस शब्द शोधतो.

ब्रीदा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, दुकानदार विचारत होता, चूल हिरवी देऊ की मलई रंगाची. मी म्हटलं, थांब जरा, भाव कुठं जातो बघू. ती म्हणाली, कशाचा भाव? मी म्हटलं, चुलींचा. ती म्हणाली, मास्तर, तुझे कान लाल झालेत.

ऊन होतं आज.

१९ जून, शुक्रवार
सामानाची बोट पुन्हा जोरात आली. नमुन्यांची दुसरी खेप.

ऐन वेळी ब्रीदा विचारायला आली. तेवीसच्या रात्री सेंट जॉनचा जाळ आहे, गाव दरवर्षी लाकडं रचून पेटवतं तो. तिचा भाऊ मोशी सत्तरीचा झाला म्हणून यंदा जाळ धक्क्यावर नाही, समोर त्याच्या बेटावर, टेकडीच्या माथ्यावर. अंगणातलं जुनं लाकूड पोरांनी नेलं तर चालेल ना? मी म्हटलं, नेऊ देत. तिनं पुन्हा विचारलं, सगळं? मी म्हटलं, बाई गं, इथं इतिहास घडतोय आणि तू लाकडं काय मोजतेस? सगळं नेऊ देत.

मन लावून काम करायला या घरात जागा नाही.

२२ जून, सोमवार
इंजिनाचे पैसे पोस्टातून काढून दलालाकडे ठेवले. वापरायचे नाहीतच. जवळ असलेले बरे.

२३ जून, मंगळवार
फोरमवर एकानं सांगितलं, तेल लागलं की रिगवर आधी ज्वाला दिसते. सोबत वर येणारा वायू जाळून टाकतात. मी जाहीर केलं की आज सूर्यास्ताला मी स्वतः टेकाडावरून पाहणार. कोरडी विहीर म्हणाला, साठ मैल आहेत, पृथ्वी गोल आहे.

मला सांगतो! संत्र्यावर काडी फिरवून मी हेच शिकवत आलो. जहाज लांब जातं तेव्हा आधी पोट बुडतं, मग डोलकाठी. पण ते जहाजाचं झालं. ज्वाला वर जाते.

ब्रीदा म्हणाली, चल रे, मोशी वाट बघेल, सॉसेजेस आहेत, तुझ्यासाठी खुर्चीसुद्धा नेलीय. मी म्हटलं, मला पहारा आहे. ती म्हणाली, मग थंड बटाटे खा आणि पहारा कर. अख्खं गाव होड्यांतून गेलं. माझी उणीव भासली असेल. इलाज नाही.

रात्री.
ज्वाला! नैऋत्येला, धुक्याच्या वर. नारिंगी, उंच, मग आणखी उंच. सेंट जॉनचा जाळ नव्हे. तो धक्क्यावर असतो, पूर्वेला. दुर्बिणीनं खात्री केली, धक्क्यावर अंधार आहे. शिवाय लाकडाचा जाळ असा नसतो. धूर काळा, दाट. वाऱ्याबरोबर डांबरासारखा वास आला. साठ मैलांवरून. म्हणजे केवढं तेल असेल!

फोरमवर लिहिलं: ज्वाला पाहिली, या डोळ्यांनी. काळं सोनं म्हणाला, मी आनंदानं रडतोय.

ब्रीदा परतली तेव्हा केसांना धुराचा वास आणि तोंडात गाणं. म्हणाली, काय पेटला रे जाळ, डोळ्यांचं पारणं फिटलं. मी म्हटलं, माझ्याही. मग राहवेना, सांगून टाकलं की तेलाची ज्वाला दिसली. तिनं विचारलं, कुठं? मी म्हटलं, नैऋत्येला, बेटाच्या अंगाला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, आणि हे तू कुणाला सांगितलंस? मी म्हटलं, सगळ्यांना.

ती खूप हसली. माझ्या आनंदात आनंद. झोपताना विचारलं, बाजार किती वाजता उघडतो रे? मी म्हटलं, आठला. लोणी संपलं असावं.

२४ जून, बुधवार
शेअर उघडला तो दुपटीच्या वर. माझ्या दोन डोळ्यांवर अख्खा बाजार हलला.

संकल्पाचा पुन्हा विचार केला. इंजिनाच्या सगळ्या पैशांचे शेअर घेतले. आठच्या ठोक्याला. अशा सकाळी कोण विकणार, ही धास्ती होती. पण एक मूर्ख भेटला. सगळे एकगठ्ठा देऊन मोकळा झाला. वाईट वाटलं त्याचं.

ब्रीदा अंगणात फोनवर होती. लोण्याबद्दलच.

कोरडी विहीर म्हणाला, काल सेंट जॉनची रात्र होती. होकायंत्रा, तू कॉर्कचाच ना?

अशांना उत्तर द्यायचं नसतं.

२६ जून, शुक्रवार
कंपनीचं निवेदन आलं. मधमाशीत पाणी लागलं. भोक बुजवून रिग परत जाणार. मौल्यवान माहिती मिळाल्याबद्दल संचालक समाधानी आहेत. ज्वालेचा उल्लेख नाही. एका शेअरमध्ये आता टपाल तिकिटाचा कोपरा यावा. काळं सोनं माझा पत्ता विचारतोय.

सामानाची बोट आजही जोरात परतली. बंदरात चौकशी केली. खलाशी शुक्रवारी घरी जातात.

जरा बोटीपाशी बसावं म्हणून अंगणात गेलो. बोट नाही. खाजऱ्या पाल्याचं रान आहे आणि मधोमध बोटीच्या आकाराचं पिवळं गवत. ब्रीदाला विचारलं. ती म्हणाली, मी दोनदा विचारलं होतं, मास्तर. मोशीला फोन केला. तो खूश होता. म्हणाला, मेहुण्या, असा जाळ बापाच्या काळापासून झाला नव्हता, त्या डांबरानं काय रंग आणला! तिकडं रिगवरच्यांना वाटलं असेल, किनाऱ्यावर तेल लागलं.

३० जून, मंगळवार
आज दारात गाडी थांबली. चार माणसांनी चूल उतरवली. मलई रंगाची.

मी ब्रीदाला बाजूला घेतलं. म्हटलं, ही परत पाठव, मला काही सांगायचंय, पतपेढीत… ती म्हणाली, तुझ्या पतपेढीचं नाव गोबनेट ना? कणीक हाताला लागली होती रे, डोळ्यांना नाही. सही केली कारण तू पोरासारखा खूश दिसत होतास. मग त्या रात्री तू नैऋत्य म्हणालास, आणि बुधवारी आठला मी दलालाला फोन केला. म्हटलं, काढून टाका सगळे.

मी विचारलं, आणि घेतले कुणी?

ती म्हणाली, होता कुणीतरी उतावळा. दलाल म्हणाला, जणू टपूनच बसला होता, एकगठ्ठा उचलले. बिचारा! रविवारी मी त्याच्या नावानं मेणबत्ती लावली.

मी खिडकीतून पिवळं गवत बघितलं. तिनं पाव नव्या चुलीत सरकवला.

पाव दोन्ही बाजूंनी सारखा भाजला. मी तीन तुकडे खाल्ले, लोण्याशी. लोणी भरपूर होतं.

शांतपणे विचार केला तर शेअर घराबाहेर गेलेलेच नाहीत. मी पहिल्यापासून म्हणत होतो, हे विकायचे नाहीत.